जुन्या गाडीची ऑइल गळती: खिसा रिकामा करणाऱ्या या चुका टाळा

मी कोपरखैरण्यात राहतो. मागच्या उन्हाळ्यात एक बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक घेतली, एमएच-०४ पासिंगची, आधी दोन मालक झालेली. बॉनेट उघडलं तर इंजिन नुकतं शोरूममधून आल्यासारखं चकचकीत. तीन आठवड्यांनी सोसायटीच्या वॉचमन काकांचा इंटरकॉम आला, "साहेब, तुमच्या गाडीखाली काळं काळं पडलंय." ती गळती बंद व्हायला चार महिने लागले. खरा बिघाड सापडल्यावर काम दीड तासाचं निघालं. बाकीचा वेळ आणि पैसा गेला तो नको ते पार्ट बदलण्यात. तेव्हा ज्या चुका मी केल्या आणि ज्या करता करता वाचलो, त्या इथे लिहितोय.

धुतलेलं इंजिन बघून खूश होणं

विकणारा गाडी धुऊनच दाखवणार, त्यात गैर काही नाही. पण बारा वर्षांच्या गाडीच्या इंजिनवर धुळीचा कणही नसेल तर बघण्यासारखं काही उरलेलं नाही, एवढंच त्यातून कळतं. त्यावर सिलिकॉनचा स्प्रे मारलेला असेल तर रबरी पाइपही नवे वाटतात. अशी गाडी अर्धा तास चालवा. नुसती गल्लीत फिरवू नका, ठाणे-बेलापूर रोडला नेऊन इंजिन नीट तापू द्या. मग सपाट जागी लावून खाली पुठ्ठा सरकवा, चहा पिऊन या आणि पुठ्ठा बघा.

पुठ्ठा कोरडा असला तरी लगेच हुरळून जाऊ नका. बऱ्याच गाड्यांना इंजिनखाली प्लास्टिकचा ट्रे असतो. गळलेलं ऑइल त्यात साचत राहतं आणि जमिनीवर थेंबही येत नाही. माझ्या गाडीचा ट्रे पहिल्यांदा खोलला तेव्हा आत वाटीभर चिखल होता, ऑइल आणि रस्त्याची माती यांचा. विकत घेण्याआधी ट्रेचे चार बोल्ट खोलून दाखवा म्हणायला संकोच वाटला होता, तो मला नडला.

खाली पडलंय ते इंजिन ऑइलच असं धरून चालणं

आपल्याकडच्या दमट हवेत एसी लावून वाशीहून ठाण्याला आलात तर गाडीखाली पाण्याचं थारोळं होणारच. ते एसीचं पाणी. बोटाला चिकटत नाही, वास नाही, सोडून द्या. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी, किंचित गोडसर वासाचं असेल तर कूलंट. लालसर आणि पातळ असेल तर पॉवर स्टीअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. जाड, आणि नाक मुरडावं असा गंधकासारखा वास येत असेल तर गिअर ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळं, बुळबुळीत काही दिसलं तर मात्र गाडी हलवू नका; ते ब्रेक ऑइल असू शकतं, मिस्त्रीलाच पार्किंगमध्ये बोलवा. रंग ओळखायला पुठ्ठ्यावर पांढरा कागद ठेवा. काळ्या फरशीवर सगळंच काळं दिसतं.

थेंब पडतो तिथेच गळती शोधणं

माझी मुख्य चूक ही. थेंब चेंबरच्या, म्हणजे इंजिनच्या तळाला ऑइल साठवणाऱ्या भांड्याच्या, मागच्या टोकाला पडत होता, म्हणून चेंबरचं पॅकिंग बदलून घेतलं. ऑइल नवं, पॅकिंग नवं, मजुरी वेगळी. पाचव्या दिवशी थेंब पुन्हा त्याच जागी.

ऑइल वरून खाली येतं, आणि गाडी चालताना समोरच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं. इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरमधून पाझरलेलं ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळतं, एखाद्या बोल्टला वळसा घालतं, चेंबरच्या कडेने सरकतं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून टपकतं. स्लॅब गळायला लागला की पंख्याच्या हुकातून पाणी पडतं, पण भेग तर गच्चीत दुसरीकडेच असते. अगदी तसंच. म्हणून खालून बघायला सुरुवात करू नका. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा.

ती जागा मळक्या इंजिनवर सापडत नाही. वागळे इस्टेटच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांनी माझी गाडी बघितलीही नाही. म्हणाले, "आधी धुऊन आणा, मग बोलू." विकणाऱ्याने इंजिन धुतलं होतं ते लपवायला, आता मला ते धुवायचं होतं शोधायला. इंजिन गार असताना डीग्रीझर मारून ब्रशने घासा. अल्टरनेटर, वायरिंगचे जोड आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीने बांधा. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने सेन्सरमध्ये पाणी गेलं तर ऑइल राहिलं बाजूला, गाडीच सुरू व्हायची नाही.

सुकल्यावर संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा, आपली अंगाला लावायची. इंजिनच्या बेल्टवर मात्र उडू देऊ नका. मी पावडर लावून ऐरोलीपर्यंत जाऊन आलो. परतल्यावर टॅपेट कव्हरच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यातून एक तपकिरी रेघ खाली उतरलेली स्पष्ट दिसली. टॉर्च आणि मोबाइलचा सेल्फी कॅमेरा एवढ्यावर भागलं. जिथे हात पोचत नाही तिथे मोबाइलने व्हिडिओ काढणं हा या कामातला खरा शोध म्हटला पाहिजे. याने नाहीच सापडलं, तर ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो; तो टाकून दोन दिवस गाडी चालवायची आणि रात्री अतिनील टॉर्चने बघायचं.

"क्रँक सील गेलंय" ऐकून मान डोलावणं

चेंबरच्या पॅकिंगनंतर मी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गेलो होतो. तिथे खाली वाकून दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला: मागचं क्रँक सील (इंजिनचा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथलं सील), गिअरबॉक्स उतरवावा लागेल. सील स्वतः काही फार महाग नसतं. पैसे जातात गिअरबॉक्स उतरवून चढवण्यात. मी जवळजवळ होकार दिला होता.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यावर ऑइल दिसलं तर तीन शक्यता असतात. क्रँक सील ही त्यातली एक. दुसरी, वरून टॅपेट कव्हरमधून ओघळत आलेलं ऑइल, जे माझ्याकडे निघालं. तिसरी, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील, आणि ते ऑइल वासावरून ओळखू येतं. सांध्याच्या तळाशी बहुतेक वेळा एक छोटं भोक किंवा फट असते. ती पुसून कोरडी करा. ऑइल आतून तिथे येत असेल आणि वरचं सगळं कोरडं असेल तर क्रँक सीलवर संशय घ्या. गायमुखच्या चढावर क्लच घसरतो, जळका वास येतो, असं असेल तर संशय पक्का होत जातो. क्लच तसाही संपत आला असेल तर दोन्ही कामं एकदम करा, कारण गिअरबॉक्स एकदाच उतरेल. नुसत्या पाझरासाठी तो उतरवणं मला तरी पटत नाही.

जाता जाता एक छोटा चोर: ऑइल प्रेशर स्विच. ब्लॉकमध्ये बसवलेला असतो, एक वायर जोडलेली. कनेक्टर काढून बघा. आत ऑइल दिसलं तर स्विच गेला. हे काम स्वस्तातलं आहे आणि नेमकं तेच बघायचं राहून जातं.

पॅकिंग बदलून मोकळं होणं

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, सगळं कोरडं झालं, मी पेढे वाटायचाच बाकी होतो. दोन महिन्यांत त्याच कोपऱ्यातून पुन्हा रेघ. मिस्त्रींनी या वेळी पॅकिंगला हात लावला नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आत साचणारा गॅस बाहेर जाऊ देणारी झडप, काढला, कानाजवळ धरून हलवला आणि माझ्या हातात दिला. चांगला व्हॉल्व्ह टिकटिक वाजतो. माझा गप्प होता, आत काळा गाळ घट्ट बसलेला.

इंजिन चालताना थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांमधून खाली निसटतोच. तो पीसीव्हीच्या वाटेने पुन्हा इनटेकमध्ये जाऊन जळतो. वाट तुंबली की आत दाब वाढतो, आणि तो दाब सगळ्यात कमजोर पॅकिंगमधून ऑइल बाहेर लोटतो. एक बदला, दुसरं गळेल. माझ्या गाडीत गाळ का साचला, हेही मग समजलं. आधीच्या मालकाचं रोजचं जाणं म्हणजे घर ते स्टेशन, फार तर दोन किलोमीटर. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. आतलं पाणी उडून जात नाही, ऑइलमध्ये मिसळतं आणि झाकणाखाली पिवळट साय धरते. तुमच्या ऑइलच्या झाकणाखाली अशी साय असेल तर पीसीव्ही आणि त्याचा पाइप आधी बघा. काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्येच बनवलेला असतो, तिथे तो सुटा मिळत नाही आणि कव्हरच बदलावं लागतं.

इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण सैल करून नुसतं टेकवा. ते हलकंसं ओढलं जात असेल तर ठीक. झाकण नाचत असेल, धूर भसाभसा येत असेल, आणि पीसीव्ही मात्र साफ असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. मग पॅकिंगवर खर्च करण्यात अर्थ नाही.

अजून अर्धा पीळ आणि अर्धी ट्यूब

गळतंय म्हणून टॅपेट कव्हरचे बोल्ट आवळत सुटणारे बरेच. कव्हर बऱ्याचदा पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं असतं, ते वाकतं, आणि जिथे गळत नव्हतं तिथेही गळायला लागतं. बहुतेक छोट्या गाड्यांत या बोल्टना १० न्यूटन-मीटरच्या आसपासच ताण लागतो. छोटा पाना, नुसता मनगटाचा जोर, मधून बाहेरच्या दिशेला, आलटून पालटून.

सिलिकॉनचं तेच. रबरी पॅकिंगवर वरून सिलिकॉन फासायचं नसतं. जिथे टायमिंग कव्हर आणि हेड यांचा सांधा येतो त्या कोपऱ्यांवर वाटाण्याएवढा ठिपका बरेच उत्पादक सांगतात, तेवढाच. जास्तीचं सिलिकॉन आत दाबलं जातं, सुटतं आणि चेंबरमधल्या जाळीत जाऊन अडकतं. ऑइल पंप उपाशी राहिला तर गळती परवडली म्हणायची वेळ येते. लावल्यावर ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्या, लगेच इंजिन चालू करू नका.

पॅकिंग बदलताना स्पार्क प्लगच्या विहिरींची गोल सीलं विसरू नका. प्लग काढल्यावर तो ऑइलात बुडालेला निघाला तर गळती तिथेच आहे, आणि गाडी मिसिंग का करतेय याचंही उत्तर तेच.

सर्व्हिसनंतर सुरू झालेली गळती

कालच ऑइल बदललं आणि आज थेंब? मग दोनच जागा बघा. ड्रेन नटाचा वॉशर दर वेळी नवा हवा. जुना चेपलेला असतो. नट दांड्याला पाइप लावून आवळला असेल तर चेंबरचे आटे जातात, ॲल्युमिनियमच्या चेंबरचे तर फारच लवकर. दुसरी जागा फिल्टर. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर दोन रिंगांमधून ऑइल धारेने जातं. अशी गाडी घरापर्यंतही चालवू नका.

आणि पावसाळ्यानंतर अचानक गळती लागली असेल तर चेंबरच्या तळाला हात फिरवून बघा. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी आणि सोसायट्यांच्या मनमानी उंचीच्या गतिरोधकांनी किती चेंबर चेपले असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

जाड ऑइल, बाटलीतलं औषध

पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलंय आणि गळतं म्हणून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतायचं, हा सल्ला मला तीन जणांनी दिला. गळती थोडी मंदावते खरी, पण सकाळी सुरू करताना ते जाड ऑइल वर पोचायला वेळ घेतं आणि झीज तेव्हाच होते. गळती थांबवणारी बाटली कडक झालेलं रबर फुगवते. फाटलेलं पॅकिंग त्याने शिवलं जात नाही. गाडी चार महिन्यांत काढायची असेल तर तुमची मर्जी, पण मग घेणाऱ्याला तसं सांगा.

जॅकवरच्या गाडीखाली शिरणं

शिरू नका. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. खाली स्टँड, चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, आणि जमीन सपाट. पोडियम पार्किंगचा उतार चालत नाही.

लाल दिव्याची वाट बघणं

डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा ऑइल कमी झाल्याचं सांगत नाही, दाब गेल्याचं सांगतो. तो लागला की बाजूला घेऊन इंजिन बंद, "पुढच्या पंपापर्यंत" वगैरे नाही. त्याआधीचं काम पट्टीचं, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या डिपस्टिकचं. आठवड्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघा. खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांमध्ये साधारण १ लिटरचं अंतर असतं. किलोमीटर लिहून ठेवा म्हणजे गळतीचा वेग कळतो. पातळी उतरतेय पण पुठ्ठा आणि ट्रे कोरडे, तर ऑइल जळत असणार. मग सायलेन्सरचा निळा धूर बघा.

एक्झॉस्टवर ऑइल पडून जळका वास किंवा धूर येत असेल तर थांबू नका, आगीची भीती असते. ऑइल टायमिंग बेल्टवर जात असेल तरी थांबू नका, कारण बेल्ट फुगून तुटतो. पण बारा वर्षांच्या इंजिनवर नुसता ओलसर पाझर असेल, थेंब पडत नसेल, पट्टी हलत नसेल, तर पुसा आणि सोडून द्या. माझ्या टायमिंग कव्हरला असा पाझर अजून आहे.

काढलेलं ऑइल आणि फरशीवरचा डाग

वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. आमच्या सेक्टरचं गटार नाल्याला आणि नाला खाडीला मिळतो, आणि ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा, मिळालाय. ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला परत द्या, गोळा करणारे तिथून नेतात.

ताज्या डागावर लाकडाचा भुसा किंवा कोरडं सिमेंट टाकून रात्रभर ठेवा. सकाळी झाडून कपड्यांची पावडर आणि कडक ब्रश. गुळगुळीत फरशीवरचा डाग जातो. पेव्हर ब्लॉकमध्ये मुरलेला जात नाही. मी आणि वॉचमन काकांनी आमचे तीन ब्लॉक उपसून उलटे बसवले, सेक्रेटरी गावाला गेले होते तेव्हा.