शिल्प आणि सजीव पात्रं एकाच चित्ररथावर: या चुका टाळा

ऐतिहासिक मिरवणुकीसाठी चित्ररथ बनतो तेव्हा शिल्पाचं काम एका शेडमध्ये चालतं आणि पात्रांची तालीम दुसऱ्याच कुठल्या हॉलमध्ये. दोघांची गाठ पडते ती थेट मिरवणुकीच्या दिवशी सकाळी. तेव्हा लक्षात येतं की स्वाराचा हात लगामापर्यंत पोचत नाही, पुतळ्याशेजारी राजा ठेंगणा दिसतो, तलवार उपसायला जागाच उरलेली नाही. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ या उशिरा झालेल्या भेटीत आहे. म्हणून नुसता सांगाडा उभा राहिला, की त्यावर माती किंवा थर्मोकोल चढण्याआधी पात्रांना त्याच्याशेजारी उभं करा. तेही पूर्ण वेशात, पागोटं किंवा शिरस्त्राण आणि हातातल्या शस्त्रासकट. त्या अर्ध्या दिवसात जेवढं सुटतं, तेवढं नंतर आठवडाभर राबूनही सुटत नाही.

पुतळा कोण आहे, हेच ठरलेलं नसतं

ही चूक हातोडी-छिन्नीची नाही, विचाराची आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी आहे. चित्ररथाच्या मध्यभागी नायकाचा मोठा पुतळा असतो आणि त्याच्याच पायाशी तोच नायक साकारणारा नट उभा असतो. प्रेक्षकाला एकाच गाडीवर एकच माणूस दोनदा दिसतो. एक ब्राँझच्या रंगाचा, एक हाडामांसाचा. नजर कुठे ठेवायची ते त्याला कळत नाही, आणि कळेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते.

पुतळ्याला चित्ररथावर दोनच कामं नीट करता येतात. एक म्हणजे स्मारकाचं: आजचा समाज त्या माणसाकडे कसा पाहतो ते सांगण्याचं. तसं असेल तर पुतळा एकरंगी ठेवा, दगडासारखा किंवा धातूसारखा, आणि सजीव पात्रं इतर लोकांची घ्या: सैनिक, कारागीर, निरोप घेऊन आलेला जासूद, गर्दीतली बाई. दुसरं काम प्रसंगातल्या घटकाचं: घोडा, तोफ, किल्ल्याचा दरवाजा, गलबताची नाळ, कोसळणारी भिंत. इथे शिल्प खऱ्या रंगांत हवं, म्हणजे नट त्यात मिसळून जातो. दोन्ही कामं एकाच शिल्पाकडून करून घेतली की ते ना धड स्मारक राहतं, ना धड देखावा.

नायक दोन्ही रूपांत हवाच असा आग्रह असेल, तर वय वेगळं ठेवा. पुढे नट लहानपणीचा प्रसंग करतोय, मागे पुतळा प्रौढपणीचा. मग दोघांत नातं तयार होतं आणि गोंधळ राहत नाही.

थोडंसंच मोठं शिल्प

उघड्यावर, उंच चौथऱ्यावर ठेवलेलं माणसाच्या मापाचं शिल्प लहान वाटतं. शिल्पकारांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. मायकेलँजेलोच्या डेव्हिडचं डोकं आणि उजवा हात शरीराच्या मानाने मोठी आहेत. ते शिल्प मुळात फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलवर उंच जागी बसवायचं होतं, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. त्यामुळे सार्वजनिक पुतळे सव्वापट-दीडपट करण्याची सवय हाताला लागलेली असते.

चित्ररथावर हीच सवय नडते, कारण शेजारी मोजपट्टीसारखा जिवंत माणूस उभा असतो. सव्वापट पुतळा भव्य न दिसता नुसता चुकलेला दिसतो, आणि नट उगाच खुजा. एक तर नेमकं माणसाचं माप ठेवा, नाहीतर सरळ दुप्पट किंवा त्याहून मोठं करा. मधलं माप आधीच तयार झालं असेल तर एकच उपाय: नटाला पुतळ्यापासून चार-पाच फूट पुढे आणा आणि त्याच्याखाली फूटभर उंचीची पायरी द्या. अंतर पडलं की डोळा तुलना सोडून देतो.

दोन पायांवर उभा घोडा

आयोजकांना पुढचे पाय उचललेला घोडा हवाच असतो. तो करता येतो, पण त्याचा तोल हा शतकानुशतकं अवघड मानला गेलेला प्रश्न आहे. शिल्पकार पिएत्रो ताक्काने माद्रिदसाठी घडवलेल्या स्पेनच्या राजाच्या, चौथ्या फिलिपच्या पुतळ्यात (1640) घोडा मागच्या पायांवर उभा आहे, आणि तिथे पुढचा भाग हलका आणि मागचा जड ठेवून तोल साधलाय. शिल्पकार फाल्कोनेने सेंट पीटर्सबर्गमध्ये उभारलेल्या रशियाचा सम्राट पीटर द ग्रेटच्या पुतळ्यात (1782) घोड्याच्या खुराखाली साप आहे. तो शत्रूचं प्रतीक आहेच, शिवाय शेपटीला टेकून तिसरा आधारही देतो.

हे दोन्ही पुतळे जागेवर उभे आहेत. तुमचा घोडा खड्ड्यांतून जाणार आहे. ब्रेक लागला की सगळा भार पुढे येतो आणि मागच्या पायांच्या वेल्डिंगवर ताण बसतो. त्यामुळे पायांतले पाइप ट्रेलरच्या फळीवर स्क्रूने बसवून भागत नाही, ते फळीतून खाली जाऊन चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, पक्के झाले पाहिजेत. शेपूट, खडक, उडालेली माती, पडलेली ढाल, काहीही करून तिसरा टेकू मिळवा. बोल्टला आत नायलॉनचं कडं असलेले लॉक नट लावा, कारण सततच्या थरथरीने साधा नट सैल होतोच. घट्ट केल्यावर नट आणि पट्टी यांवरून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. वाटेत थांबा मिळाला की रेघ जुळते का ते पाहायचं. तुटलेली रेघ म्हणजे नट फिरलाय.

आणि एक गैरसमज. घोड्याचे किती पाय उचललेले आहेत त्यावरून स्वार रणात पडला की अंथरुणात हे कळतं, असं म्हणतात. जगभरातल्या पुतळ्यांना लागू होणारा असा कुठलाही नियम नाही. निवेदनात हे वाक्य घालू नका.

थर्मोकोल वितळला, रंग फुटला

थर्मोकोल कोरून त्यावर थेट पॉलिएस्टर रेझिन लावलं, की कोरलेला चेहरा डोळ्यांदेखत खचतो. या रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि ते थर्मोकोल विरघळवतं. थिनर, अॅसिटोन आणि बहुतेक स्प्रे पेंटही तेच करतात. फायबरचा थर हवाच असेल तर इपॉक्सी रेझिन वापरा, किंवा आधी पांढऱ्या गोंदात भिजवलेल्या कागदाचे दोन-तीन थर देऊन, पूर्ण वाळवून, वर पाण्यातला अॅक्रिलिक प्रायमर मारा. थर्मोकोल कुठे उघडा राहिलाय का ते बोटाने चाचपून बघा. टाचणीएवढ्या भोकातूनही रेझिन आत शिरतं आणि आतून पोकळी करतं. चेहरा खचलाच, तर त्यावर पुट्टी भरत बसू नका. तेवढा भाग कापून नवा ठोकळा बसवणं जलद होतं.

पीओपी चित्ररथाला नकोच. वजन जास्त, आणि हादऱ्याने तडे जातात. कागदाच्या लगद्याला कमी लेखण्याचीही गरज नाही. इटलीतल्या व्हियारेज्जोचा कार्निव्हल 1873 पासून चालू आहे आणि तिथल्या अवाढव्य आकृत्या कागदाच्याच असतात: मातीचा नमुना, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात खळीत भिजवलेल्या कागदाचे थर. आतून पोकळ असल्याने आकृती हलकी होते, तिला हलतं डोकं आणि हात देता येतात, आणि वर माणसं उभी करायला वजनाची मुभा उरते.

रंग मॅट ठेवा. तेलकट चकाकीवर ऊन पडलं की चेहऱ्याचा नुसता पांढरा डाग होतो, आणि फोटोत तर नाकडोळेही उरत नाहीत. भुवया, डोळ्यांच्या खोबणी, ओठांची रेघ हे सगळं शेडमध्ये अती वाटेल इतकं खोल कोरा.

बारा सेकंदांत न मावणारा प्रसंग

मिरवणूक साधारण ताशी साडेतीन किलोमीटरने चालते, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक मीटर. बारा मीटरचा चित्ररथ एका प्रेक्षकासमोरून बारा सेकंदांत निघून जातो. तरीही पाच मिनिटांचा प्रवेश बसवला जातो: आधी संवाद, मग भांडण, मग चढाई. कोपऱ्यावरच्या माणसाला त्यातला कुणीतरी पाणी मागतानाचा तुकडा दिसतो.

इथे शिल्प मदतीला येतं. प्रसंगाचा परमोच्च क्षण शिल्पाला द्या, कारण तो बाराही सेकंद तसाच टिकतो. नटांकडे आठ-दहा सेकंदांची एकच कृती द्या, जी पुन्हा पुन्हा करता येईल: दोर खेचणं, दरवाज्यावर धडक देणं, जखमीला उचलणं. दोन आवर्तनांमध्ये सगळ्यांनी एका ठरलेल्या स्थितीत क्षणभर थिजायचं. तेवढा क्षण नट शिल्पासारखे दिसतात आणि दोन्ही कला एक होतात.

देखावा बाजूने बघितला जातो, हेही विसरलं जातं. रंगमंचाच्या सवयीने सगळी पात्रं पुढे, म्हणजे ड्रायव्हरकडे, तोंड करून उभी केली जातात आणि दोन्ही फुटपाथांवरच्या लोकांना फक्त कान दिसतात. कामगारांकडून ट्रेलर ढकलत नेऊन दोन्ही बाजूंनी मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि मग जागा ठरवा.

माणूस पुतळा नाही

गुडघे ताठ करून बराच वेळ निश्चल उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. संचलनात धडधाकट जवानही याच कारणाने कोसळतात. वर चिलखत, नकली दाढी आणि ऊन असेल तर विचारूच नका. गुडघे किंचित वाकलेले ठेवायला आणि बुटातल्या बुटात बोटं हलवत राहायला शिकवा. प्रत्येक स्थिर भूमिकेला बदली पात्र ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत अदलाबदल करा.

पकडायला जागा देणं हे शिल्पकाराचं काम आहे. सैनिकाच्या हातातला भाला खरं तर चासीपर्यंत गेलेला लोखंडी पाइप असू शकतो. बुरुजाच्या दगडांत मागच्या बाजूने मूठ कोरता येते, घोड्याच्या खोगिरात पट्टा लपवता येतो. गाडी अचानक थांबली की माणूस हाताला लागेल ते धरतो. ते थर्मोकोलचं मनगट असेल, तर मनगट आणि माणूस दोन्ही खाली येतात. तालमीत मुद्दाम ब्रेक मारून बघा, पण पात्रांना आधी सांगून.

चाकांना झालर लावली तरी दोन्ही बाजूंना गाडीबरोबर चालणारी प्रौढ माणसं हवीत, आणि त्यांनी चाकांवरून नजर हटवायची नाही. दोन ट्रेलर एकमेकांना जोडणं टाळा. 2020 मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या मार्डी ग्रा या कार्निव्हलच्या मिरवणुकांमध्ये जोडलेल्या गाड्यांखाली येऊन दोघांचा जीव गेला, आणि शहराने उरलेल्या मिरवणुकांत अशा जोडगाड्यांवर बंदी घातली.

इतिहासाची उचल कुठून

शिंगांचं शिरस्त्राण घातलेला व्हायकिंग तुम्ही पाहिला असेल. त्याचा प्रसार 1876 मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लरने केलेल्या वेशभूषेपासून झाला. नॉर्वेतल्या येर्मुंडबू इथे 1943 मध्ये सापडलेल्या खऱ्या व्हायकिंग शिरस्त्राणाला शिंगं नाहीत. मागच्या वर्षीच्या चित्ररथावरून, मालिकेवरून किंवा कॅलेंडरवरून नक्कल केली की असंच होतं: एकाची कल्पना दुसऱ्याचा पुरावा बनते. उलट जुनी शिल्पं नीट पाहिली तर कामाची माहिती देतात. रोममधल्या सम्राट मार्कस ऑरेलियसच्या अश्वारूढ पुतळ्यात रिकीब (स्वाराने पाय अडकवायची कडी) नाही, कारण त्या काळी रोमनांकडे ती नव्हतीच. शिल्पाच्या घोड्याला रिकीब नाही आणि शेजारच्या नटाच्या घोड्याला आहे, हा विरोध जाणकाराच्या लगेच डोळ्यांत खुपतो. एक माहितीचा कागद करा, आणि शिल्पकार व कपडेपट दोघांनीही त्याच कागदावरून काम करावं.

पराभूत बाजू, गुलाम, दुसऱ्या धर्माचे लोक यांना विद्रूप मुखवटे देऊ नका. बेल्जियमच्या आल्स्ट कार्निव्हलमध्ये ज्यूंची द्वेषमूलक व्यंगशिल्पं फिरवली गेली आणि डिसेंबर 2019 मध्ये युनेस्कोने तो कार्निव्हल आपल्या वारसा यादीतून काढला. यादीपेक्षा मोठी गोष्ट ही, की त्या रस्त्याच्या कडेला त्या समाजाची मुलंही उभी असतात. हिंसेच्या प्रसंगात मरणारा माणूस शक्यतो नटाकडून करून घेऊ नका. दहा सेकंदांनी तो पुन्हा उठून पुन्हा मरायला लागला की दुःखाचा तमाशा होतो. मृत्यू शिल्पाला द्या, आणि त्याच्याजवळ बसणारं माणूस जिवंत ठेवा.

वारा आणि तारा

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरवर सुमारे सहा किलोचा जोर येतो, 72 ला सुमारे पंचवीस किलोचा. चार चौरस मीटरचा पसरलेला झगा किंवा ध्वज म्हणजे मग शंभर किलोची ओढ. 1997 मध्ये न्यूयॉर्कच्या मेसीज परेडमध्ये, म्हणजे मेसीज दुकानाच्या वार्षिक मिरवणुकीत, वाऱ्याने एक महाकाय फुगा दिव्याच्या खांबावर आदळला आणि प्रेक्षक जखमी झाले. आता तिथे ताशी सुमारे 37 किलोमीटरपेक्षा जास्त सलग वारा किंवा 55 पेक्षा जास्त वेगाचे झोत असले तर मोठे फुगे सोडत नाहीत. तुमचीही अशी मर्यादा आधी लिहून ठेवा आणि निर्णय एकाच माणसाकडे द्या. मोठ्या सपाट भागांना मागच्या बाजूने झडपा कापल्या तर वारा आरपार जातो आणि समोरून काही दिसत नाही.

मार्गावर आधी एकदा शिल्पाच्या उंचीपेक्षा फूटभर लांब बांबू किंवा पीव्हीसी पाइप गाडीवर उभा बांधून फिरा. धातूचा नको, वर विजेच्या तारा असतात. जिथे अडेल तिथे मान किंवा भाला बिजागरीवर खाली घेता आला पाहिजे, आणि ते कुणी, कुठल्या चौकात करायचं हे नावानिशी ठरलेलं पाहिजे. मशाली खऱ्या नकोत, थर्मोकोल आणि कापडाच्या गाडीवर तर मुळीच नकोत. अग्निशामक सिलिंडर जनरेटरशेजारी ठेवू नका. आग तिथेच लागली तर तो हाती लागणार नाही. एक ड्रायव्हरजवळ आणि एक शेवटच्या पात्राजवळ ठेवा.

दुरुस्तीच्या पेटीत पाने, लॉक नट, बांधायची तार, नायलॉनच्या पट्ट्या, रुंद चिकटपट्टी, सुईदोरा, गोंद, शिल्पाच्याच रंगाच्या छोट्या बाटल्या आणि ताडपत्री असू द्या. पेटीची जबाबदारी अशा माणसाकडे द्या, ज्याला त्या दिवशी कुठलीच भूमिका करायची नाही.