थंडी सुरू होण्याआधी: कार्यालयाच्या इमारतीतील हीटिंगचा खर्च आटोक्यात ठेवण्याची तयारी

हे काम हीटिंग सुरू होण्याच्या निदान सहा आठवडे आधी हाती घ्या. लोक एकदा कुडकुडायला लागले की कोणीतरी प्लांट रूममध्ये (बॉयलर-पंपांच्या खोलीत) जाऊन पंपाचा स्विच ‘ऑटो’वरून (वेळापत्रकाप्रमाणे) ‘हँड’वर (सतत चालू) टाकतो. तक्रार मिटते, स्विच मात्र हिवाळा संपेपर्यंत तिथेच राहतो आणि पंप रात्री आणि सुटीच्या दिवशीही चालत राहतो. म्हणून पहिली फेरी प्लांट रूमची. प्रत्येक पॅनलसमोर उभे राहून कोणता स्विच कुठे आहे ते लिहून घ्या आणि बीएमएसमधून (इमारतीची यंत्रणा चालवणाऱ्या संगणकातून) ओव्हरराइडची, म्हणजे हाताने बदललेल्या सेटिंगची, यादी काढा. नुसते ऑटोवर टाकून निघून येऊ नका. तो हँडवर का गेला ते शोधा. बहुतेक वेळा मागे एखादा बिघडलेला सेन्सर किंवा अडकलेला व्हॉल्व्ह सापडतो आणि तो दुरुस्त झाला नाही तर थंडीच्या पहिल्याच आठवड्यात स्विच पुन्हा हँडवर जातो.

त्यानंतर गेल्या हिवाळ्यातील विजेच्या आणि गॅसच्या मीटरची अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद मागवा. एक रविवार घ्या आणि पहाटे 3 वाजताचा आकडा बघा. इमारतीत कोणी नसताना तो कामाच्या दिवसाच्या आकड्याच्या जवळपास असेल, तर काही विकत घेण्याआधी वेळापत्रक दुरुस्त करायला हवे. बॉयलर, पंप, हवेचे पंखे, गरम पाणी या सगळ्यांची वेळापत्रके वेगवेगळी असतात आणि प्रत्येक वेगळे तपासावे लागते. वर्षभराच्या सुट्या कॅलेंडरमध्ये भरा, कंट्रोलरचे घड्याळ बरोबर आहे का पाहा. सकाळी हीटिंग ठरावीक वेळेला सुरू न करता ‘ऑप्टिमम स्टार्ट’ वापरा. बाहेर किती थंडी आहे आणि आत किती ऊब उरली आहे ते पाहून तो सुरू करण्याची वेळ रोज ठरवतो. बंद करायची वेळही अलीकडे आणता येते. भिंती आणि फरशा जड असतील तर लोक घरी निघण्याच्या अर्धा तास आधी बॉयलर थांबला तरी कोणाला कळत नाही.

तापमानाचा हिशेब सोपा आहे. आत 22 अंश आणि बाहेर 2 अंश असतील तर फरक 20 अंशांचा. आतले तापमान 1 अंशाने उतरवले की भिंती, खिडक्या आणि फटींतून जाणारी उष्णता साधारण 5 टक्क्यांनी घटते. पण त्याहून मोठा पैसा हीटिंग आणि कूलिंग एकमेकांशी भांडतात तिथे जातो. हीटिंग 21 पर्यंत आणि कूलिंग 24 च्या पुढे, असे मधले अंतर ठेवा. दोन्हींचा सेटपॉइंट 22 वर असेल तर एकाच मजल्यावर एक युनिट गरम हवा सोडते आणि शेजारचे तीच हवा थंड करते. रात्रीसाठी 15-16 अंश पुरतात. त्याहून खाली गेलात तर सोमवारी सकाळी इमारत तापायला फार वेळ लागतो आणि थंड कोपऱ्यांत भिंतींना ओल धरते.

आता बाहेरची हवा. हा भाग घाईने उरकू नका, कारण डँपर (हवेच्या वाटेतली उघडझाप करणारी झडप) उघडा राहिला तर वर्दी द्यायला कोणी येत नाही. बॉयलर निमूटपणे जास्त जळतो. पडद्यावर डँपर ‘20 टक्के’ दिसतो, म्हणून तो तेवढाच उघडा आहे असे धरू नका. मोटर फिरते, पण दांड्यावरचा स्क्रू सैल झालेला असल्याने पाती जागची हलत नाहीत. पर्मनंट मार्करने दांड्यावर आणि क्लॅम्पवर सलग एक रेघ ओढा, मग डँपर उघडून बंद करा. रेघ तुटली तर क्लॅम्प घसरतो आहे. दुसरी खूण तापमानाची. परतीची (खोल्यांतून परत येणारी) हवा 21, बाहेरची 5 आणि मिश्र हवा 13 अंश असेल, तर निम्मी हवा बाहेरची आहे. 20 टक्केच घ्यायची असेल तर मिश्र हवा 18 च्या आसपास हवी. मिश्रण कक्षात गरम-थंड हवेचे थर असतात, म्हणून चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. उष्णता परत मिळवणारे चाक असेल तर झाकण उघडून ते खरेच फिरते आहे का डोळ्यांनी पाहा. पट्टा ढिला झाला की मोटर चालू दिसते आणि चाक उभे असते. उन्हाळ्यासाठी उघडलेला बायपास डँपर बंद झाला आहे ना, तेही पाहा. सीओटू सेन्सर मोकळ्या हवेत नेला की 420 पीपीएमच्या आसपास आकडा दाखवायला हवा. तो जास्त दाखवत असेल तर पंखे विनाकारण धावतात. पंख्याचा वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते, म्हणून वेग कमी करणाऱ्या ड्राइव्हचे सेटिंग एकदा नीट पाहणे वाया जात नाही.

बॉयलरची सर्व्हिसिंग करताना धुराचे तापमान लिहून ठेवा. ते गेल्या वर्षीपेक्षा 20 अंशांनी वाढले असेल तर कार्यक्षमता सुमारे 1 टक्क्याने घसरली आहे. काजळी साफ करून घ्या. कंडेन्सिंग बॉयलरचा (धुरातल्या वाफेचे पाणी करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या बॉयलरचा) फायदा परतीचे पाणी 55 अंशांखाली असेल तरच मिळतो; 80 अंशांवर पाणी सोडून तो साध्या बॉयलरसारखा चालवला तर जास्त दिलेली किंमत फुकट जाते. त्यासाठी बाहेरच्या तापमानानुसार पाण्याचे तापमान बदलणारा वक्र लावा. उदाहरणार्थ, बाहेर 10 अंश असताना 45 आणि उणे 5 असताना 70. दर आठवड्याला तो 2-3 अंशांनी उतरवत जा आणि सर्वांत लांबच्या खोलीतून तक्रार आली की एक पायरी वर या. बाहेरचा सेन्सर उन्हात किंवा एक्झॉस्टच्या तोंडाशी नको. धुरातल्या वाफेपासून झालेले पाणी वाहून नेणारा पाइप इमारतीबाहेर असेल तर त्याला उतार द्या आणि इन्सुलेशन चढवा, नाहीतर तो गोठतो आणि कडाक्याच्या थंडीच्याच दिवशी बॉयलर लॉक होतो. खर्च वाचवण्याच्या नादात नळांना जाणाऱ्या गरम पाण्याची टाकी मात्र 60 अंशांखाली नेऊ नका, त्याखाली लिजिओनेला जिवाणू जगू शकतात.

रेडिएटर वरच्या बाजूला थंड असेल तर आत हवा आहे: पंप बंद करून चावीने ती काढा आणि दाब पुन्हा भरा. खालच्या बाजूला थंड असेल तर गाळ साचला आहे, तिथे फ्लशिंगच लागते. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची पिन उन्हाळाभर पडून राहिल्याने अडकते. डोके काढून ती बोटाने दाबा, परत वर आली पाहिजे.

दारांच्या बाबतीत तळमजल्यापासून सुरुवात करा. गरम हवा जिने आणि लिफ्टच्या मार्गाने वर जाऊन छताकडून निसटते आणि तिच्या जागी खालून थंड हवा आत ओढली जाते, त्यामुळे खालची फट सर्वांत महाग पडते. 90 सेंटिमीटर रुंद दाराखाली 3 मिलिमीटरची फट म्हणजे 27 चौरस सेंटिमीटरचे भोक. दार बंद करताना कागदाची पट्टी धरा. ती अलगद ओढून निघाली तर रबर बदला, खाली ब्रशची पट्टी लावा. प्रवेशाला दोन दारे असतील तर ती एकाच वेळी उघडणार नाहीत असे वेळेचे सेटिंग करा. गच्चीच्या जिन्याचे दार विसरू नका.

मग टेबलांखालचे हीटर मोजा. 2 किलोवॉटचा एक हीटर आठ तासांत 16 युनिट खातो. तो थर्मोस्टॅटशेजारी ठेवला असेल तर सेन्सरला खोली गरम वाटते, हीटिंग बंद होते आणि बाकीचे गारठतात. हीटर जप्त करण्याआधी त्या जागेचा रेडिएटर, खिडकीची फट आणि थर्मोस्टॅट पाहा. थर्मोस्टॅट प्रिंटरच्या वर किंवा उन्हाच्या वाटेत असेल तर जागा बदला.

हीटिंग सुरू झाल्यावर दर सोमवारी मीटरचा आकडा त्या आठवड्याच्या डिग्री-डेशेजारी (बाहेर किती थंडी होती ते मोजणाऱ्या आकड्याशेजारी) लिहा. थंडी सारखीच असताना आकडा वाढला तर थेट प्लांट रूममध्ये जाऊन पुन्हा हँड-ऑटो स्विचपासून तपासायला लागा.