कोंबड्यांच्या वाड्यातला चिखल

आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, नऊ गावरान कोंबड्या आहेत. नागपूरची काळी माती म्हणजे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात नुसता लगदा. भिजली की फुगते, मग पाणी खाली जिरतच नाही. मागच्या जुलैत वाड्यात घोटाभर चिखल झाला. त्याच्या वासाने डोळे चुरचुरायचे, आणि एका तलंगीच्या विष्ठेत रक्त दिसलं. डॉक्टर म्हणाले, कॉक्सिडिया, आतड्यातला परजीवी, ओल्यात वाढतो. औषधाने ती वाचली.

आधी मी रेती टाकली. आठ दिवसांत गडप! पैसे चिखलात, शब्दशः.

मग एकदा भर पावसात छत्री घेऊन उभा राहिलो, तेव्हा कळलं. निम्मं पाणी आमच्याच टिनावरून वाड्यात पडत होतं. हे आधी बघायला हवं होतं. पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हाळ लावली आणि पाणी दूर पपईकडे वळवलं. चढाच्या बाजूला वीतभर खोल चर खणला. उघडीप मिळाल्यावर सहा इंच चिखल काढला, खाली विटांचे तुकडे, वर मुरूम, पाणी मारून धुम्मसाने ठोकला, उतार बाहेर ठेवून. रेती आता सगळ्यात वर, दोन इंच.

खुराड्यात धानाचा कोंडा पसरतो, दर दोन दिवसांनी खालीवर करतो. ओला झालेला काढून खतात. बायको म्हणते, अंगणापेक्षा कोंबड्यांचंच घर चकाचक आहे.