चावणाऱ्या कुत्र्यासोबत राहताना: उपाय, मर्यादा आणि शेवटचा निर्णय

घरातला कुत्रा माणसाला चावला, त्या दिवशी कुत्र्याच्या भवितव्याचा निर्णय घेऊ नका. राग, भीती आणि माया एकाच वेळी उसळलेली असते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी डॉक्टरांना दाखवा. रेबीजचे उपचार कधी सुरू करायचे हे त्यांनी ठरवायचं. कुत्रा 10 दिवस निरीक्षणाखाली ठेवायचा असतो. या काळात तो ठणठणीत राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असं धरतात. त्याआधीच त्याला मरण दिलं तर मेंदूची तपासणी करावी लागते, हे घाईघाईत अनेकांच्या लक्षात येत नाही.

मग वही उघडा. कोण, कुठे, किती वाजता, कुत्र्याजवळ खाणं किंवा खेळणं होतं का, तो झोपेतून उठला होता का, आधी गुरगुरला का, सोडून लगेच मागे झाला की धरून हिसडे दिले. दोन दिवसांनी घरातला प्रत्येक जण घटना वेगळी सांगायला लागतो, म्हणून त्याच दिवशी लिहायचं. जखमेचा फोटोही काढून ठेवा.

चावा किती गंभीर, हे मोजायला पशुवैद्य आणि श्वानवर्तनतज्ज्ञ इयान डनबार यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी उपयोगी पडते. पहिल्या पायरीवर कुत्रा अंगावर येतो, पण दात लागत नाहीत. दुसऱ्यावर दात लागतात, भोक पडत नाही. तिसऱ्यावर एकाच चाव्यात एक ते चार भोकं पडतात, पण सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल नाहीत. चौथ्यावर किमान एक भोक त्याहून खोल असतं, आजूबाजूला काळंनिळं होतं किंवा झटके दिल्याने कातडी फाटते. पाचव्यावर असे अनेक खोल चावे असतात आणि सहाव्यावर जीव जातो. पहिल्या दोन पायऱ्यांवरचा कुत्रा अजून स्वतःला आवरतो आहे. चौथ्या पायरीवर तो आवर उरलेला नसतो, आणि शिकवणीने तो परत आणणं फार अवघड असतं. हे ऐकायला जड जातं, पण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

आधी दुखणं शोधा

आयुष्यभर शांत असलेला कुत्रा अचानक चावायला लागला तर संशय सर्वप्रथम वेदनेवर घ्या. खुब्याचे सांधे, पाठीचा कणा, किडलेला दात, कानाचा जुना संसर्ग, थायरॉइड, दृष्टी जाणं, म्हातारपणी मेंदू मंदावणं: यातलं काहीही असू शकतं. लंगडत नाही म्हणजे दुखत नाही असं नव्हे. तो उडी मारायची टाळतो का, बसताना एकाच कुशीवर झुकतो का, एका जागी हात लावला की ताठरतो का, याचे व्हिडिओ दाखवा. तपासणीत काही सापडलं नाही तरी पशुवैद्य काही आठवडे वेदनाशामक देऊन फरक बघू शकतात. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन मात्र घरच्या घरी कधीही देऊ नका. ती कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

घरातली सुरक्षा

शिकवणीला महिने लागतात. पुढचा चावा आज रोखायचा आहे. एक दार कधीतरी उघडं राहतंच. म्हणून कुत्रा आणि ज्याला धोका आहे तो माणूस यांच्यामध्ये नेहमी दोन अडथळे हवेत: बंद खोली आणि बाहेर जाळीचं फाटक, किंवा फाटक आणि भिंतीच्या कडीला अडकवलेला पट्टा. दार उघडण्याचं काम मोठ्यांचंच, मुलांवर ते कधीही सोपवू नये. खाणं बंद खोलीत द्या. झोपलेल्याला हात न लावता लांबून हाक मारून उठवा. त्याने काही पळवलं तर हिसकावू नका; चांगला खाऊ दूर टाका आणि तो तिकडे गेला की वस्तू उचला.

गुरगुरण्याबद्दल त्याला ओरडू नका, मारू तर मुळीच नका. गुरगुरणं म्हणजे इशारा. तो दाबला की भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी इशाऱ्याशिवाय दात लागतात. ‘आमचा न सांगता चावतो’ म्हणून आणलेल्या कुत्र्यांपैकी काहींचे इशारे आधी असेच बंद केलेले असतात. बाकीच्यांचे बारीक इशारे घरच्यांना ओळखू आलेले नसतात: जांभई, ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं.

मुसकं ही शिक्षा नाही. सवय नीट लावली तर तेच कुत्र्याला फिरायला जाण्याची मोकळीक देतं. जाळीचं, बास्केट मझल म्हणतात ते घ्या. आत तोंड पूर्ण उघडून धापा टाकता यायला हव्यात, पाणी पिता यायला हवं, फटीतून खाऊ देता यायला हवा. नाकापुढे साधारण बोटभर जागा असावी, कड डोळ्याला घासू नये. तोंड आवळून बंद करणारं कापडी मुसकं काही मिनिटांच्या तपासणीपुरतंच. त्यात धाप टाकता येत नाही आणि अंग तापतं.

सवय लावताना आतल्या बाजूला पातळ खाऊ फासा आणि मुसकं हातात धरून ठेवा. नाक त्याने स्वतः घालायचं, तुम्ही ढकलायचं नाही. तो बिनधास्त चाटायला लागला की एक सेकंद, मग पाच, मग तीस. त्यानंतर पट्टा नुसता मानेमागे टेकवा, मग लावा आणि लगेच सोडा, मग घरात चार पावलं चाला. पंजाने ओढू लागला तर एक पायरी मागे या. चुकतं ते पुढे: फक्त दवाखान्यात जाताना किंवा पाहुणे आले की मुसकं चढवलं जातं, आणि ते दिसताच त्याला संकट कळतं. खेळताना, जेवणाआधी, फिरायला निघतानाही ते घालत जा.

शिकवणी आणि औषध

भीतीचं कारण इतक्या अंतरावर ठेवा की कुत्रा ते बघतो, पण खाऊ घेतो आणि हाकेला वळतो. आधी ते दिसलं पाहिजे, मग खाऊ, आणि ते नजरेआड झालं की खाऊ बंद. क्रम उलटला तर खाऊच धोक्याची सूचना बनतो. पाच मिनिटं पुरेत. एका दिवसात पाहुणे, फटाके आणि दवाखाना असे ताण साठले, तर त्या दिवशी आणि पुढचे एकदोन दिवस शिकवणी नको. मारणारा, गळा आवळणारा पट्टा वापरणारा किंवा ‘वर्चस्व मोडतो’ म्हणणारा शिक्षक असेल तर कुत्रा घेऊन निघून या.

फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन पशुवैद्याने सुचवलं तर घाबरू नका. ही गुंगीची औषधं नाहीत. शिकण्याइतकं मन शांत करणं हे त्यांचं काम. परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे लागतात, आणि पुष्कळ घरी दुसऱ्या आठवड्यातच ‘उपयोग नाही’ म्हणून ती बंद होतात. सुरुवातीला भूक कमी होऊ शकते. चिडचिड उलट वाढली तर लगेच कळवा. औषध मनाने एकदम थांबवू नका.

ठरवण्याची वेळ

दुखणं तपासलं, औषधाला पुरता वेळ दिला, नियम सगळ्यांनी पाळले, तरी वहीत चावे येतच आहेत किंवा खोल होत आहेत. मग हे प्रश्न घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकत्र बसून लिहून सोडवावेत. चावा कधी होणार हे आधी सांगता येतं का? इशारा मिळतो का? कुत्र्याचं वजन किती, आणि घरात लहान मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस आहे का? चौथ्या पायरीचा चावा झाला आहे का? आणि कुत्र्याचे स्वतःचे दिवस कसे जातात? चोवीस तास बंद खोलीत, प्रत्येक आवाजाला दचकत राहणारा जीव सुरक्षित असेल, सुखी नसतो.

दुसरं घर शोधणं काही वेळा खरोखर योग्य ठरतं. कारण ठरावीक आहे, इशारा मिळतो, दात लागून भोक पडलेलं नाही, आणि नव्या घरात ते कारणच नाही: उदाहरणार्थ लहान मुलांना घाबरणारा कुत्रा फक्त मोठी माणसं असलेल्या घरी. अशा वेळी चाव्यांची वही, औषधं, तपासण्या सगळं लेखी द्या. एक चावा लपवला तरी पुढची जखम तुमच्या गप्प बसण्यामुळे होते. चौथ्या किंवा त्यापुढच्या पायरीचा चावा घेतलेला कुत्रा दुसऱ्याच्या दारी देणं म्हणजे धोका हस्तांतरित करणं. रस्त्यावर सोडणं हा पर्यायच नाही.

उरतं दयामरण. कधीकधी तेच सर्वांत कमी क्रूर असतं, आणि ते निवडणाऱ्याचं प्रेम कमी पडलं असं म्हणणं अन्याय आहे. पशुवैद्याशी आधी बोलून गर्दी नसलेली वेळ किंवा घरी येण्याची सोय ठरवा. घरून निघण्याआधी तोंडाने द्यायचं शांत करणारं औषध मागा. उपाशी ठेवायचं का, हेही विचारा. तिथे आधी गुंगीचं इंजेक्शन स्नायूत देतात, कुत्रा साधारण दहापंधरा मिनिटांत गाढ झोपतो. मुसक्याची सवय असेल तर ही वेळ झटापटीविना जाते. नंतर शिरेतून पेंटोबार्बिटल देतात आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, एखादा खोल श्वास किंवा स्नायूंची थरथर होते, लघवी होऊ शकते. तेव्हा त्याला वेदना नसते.

नंतर दुःखाबरोबर सुटकेची भावनाही येईल. महिनोन्महिने दारांच्या कड्या तपासत जगलेल्या माणसाला ती येणारच. ‘निरोगी तर दिसत होता’ म्हणणाऱ्यांना एकच वाक्य पुरे: ‘डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवलं.’ मुलांना ‘तो लांब राहायला गेला’ किंवा ‘त्याला झोपवलं’ सांगू नका. पहिल्याने ती वाट बघत राहतात, दुसऱ्याने झोपायला घाबरतात. सांगा की त्याच्या मनातली भीती औषधांनीही गेली नाही, तो माणसांना इजा करत होता, डॉक्टरांनी औषध दिलं, तो मेला आणि परत येणार नाही. ज्या मुलाला तो चावला त्याच्याशी एकट्याने बोला. तुझ्यामुळे किंवा तू सांगितलंस म्हणून हे झालं नाही, निर्णय मोठ्यांचा होता, हे त्याला स्पष्ट शब्दांत आणि एकापेक्षा जास्त वेळा सांगावं लागतं.