पक्ष्याफुलपाखरांना पोसणारी देशी झुडपे आणि लहान झाडे : पुण्यातील अंगणासाठी निवड कशी करावी

सोसायटीच्या कुंपणालगत किंवा बंगल्याच्या मागच्या बाजूला दहा-बारा फुटांची पट्टी मोकळी असली, की तिथे काय लावायचे हे पुण्यात बहुधा फुलांच्या रंगावरून ठरते. पक्षी आणि फुलपाखरे यावीत अशी खरोखर इच्छा असेल, तर निवडीची सुरुवात एका कागदाने करावी. त्यावर बारा महिने एकाखाली एक लिहावेत आणि प्रत्येक महिन्यापुढे मध, फळ आणि पान असे तीन रकाने आखावेत. अंगणात आधीपासून असलेली झाडे त्यात भरली, की कोणते महिने उपाशी आहेत हे लगेच दिसते. नवे झाड त्या रिकाम्या जागेसाठी निवडायचे असते.

या तिन्हींपैकी पानाचा रकाना बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मधावर जगणारा शिंजीरसुद्धा आपल्या पिलांना कोळी आणि बारीक किडे भरवतो, बुलबुलाच्या पिलांनाही अळ्या लागतात, आणि अळ्या येतात त्या पाने खाऊ देणाऱ्या झाडांवर. कढीपत्त्याचेच उदाहरण घ्या. त्याच्या कोवळ्या पानांवर प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी सापडते, काही दिवसांनी ती हिरवीगार होते आणि डिवचल्यास डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढते. ही लिंबूवर्गीय झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखरांची अळी होय. आमच्या सोसायटीत एका कंत्राटी माळ्याने अशा अळ्या दिसताच कढीपत्त्यावर औषध मारले होते, आणि त्या पावसाळ्यात तिथे एकही कोष दिसला नाही. वाढलेले झाड मात्र खाल्लेल्या पानांनी सहसा मरत नाही, ते पुन्हा फुटते. कढीपत्त्याची पिकलेली काळी फळे कोकीळ आणि बुलबुल आवडीने खातात, त्यामुळे हे एकच झुडूप तिन्ही रकान्यांत बसते. याच कुळातील लिंबू किंवा रानातले माकडलिंबू लावल्यास २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेली राणी पाकोळीही अंडी घालायला येऊ शकते.

पक्षी फळ खातात एवढ्यावरून मात्र झाड चांगले ठरत नाही. घाणेरीची फळे पक्षी खातातच, आणि म्हणूनच अमेरिकेतून आलेले ते झुडूप आपल्या टेकड्यांवर पसरून बसले आहे. वनीकरणासाठी लावलेल्या परदेशी गिरिपुष्पाखाली (ग्लिरिसिडियाखाली) किती कमी उगवते हे वेताळ टेकडीवर फिरणाऱ्यांनी एकदा वाकून पाहावे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची सावली चांगली असली, तरी इथल्या अळ्यांना त्याचा उपयोग फारसा नाही. निवडीसाठी माझी कसोटी साधी आहे : हे झाड वेताळ टेकडी, तळजाई किंवा सिंहगडाच्या उतारावर कोणी न लावता, पाणी न घालता वाढते का?

त्यानंतर जमीन पाहावी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पश्चिमेला पौड-मुळशीकडे तो वाढत जातो, तर हडपसर-लोणीच्या बाजूला कमी होतो. बाणेर, पाषाण, कोथरूडच्या उतारांवर फूटभर खणताच मुरूम लागतो, आणि नदीकाठच्या भागात काळी माती असते, जी पावसाळ्यात पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरमात तरवड, धायटी, करवंद आणि मेडशिंगी उत्तम येतात. काळ्या, ओलसर जागी निर्गुडी आणि भोकर सुखाने वाढतात. नव्या इमारतींभोवती बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो, तो काढल्याशिवाय काहीही लावू नये.

आता वर्षाच्या क्रमाने पाहू. हिवाळ्यात अडुळशाला पांढरी फुले येतात आणि मधमाश्या त्यावर तुटून पडतात. जनावरे त्याला तोंड लावत नसल्याने उघड्या कुंपणासाठी तो विशेष सोयीचा आहे. त्याच सुमारास बोरे पिकतात. बोरीच्या बारीक फुलांवर पावसाळ्याच्या अखेरीस माश्या, गांधीलमाश्या आणि मधमाश्यांची गर्दी असते, म्हणून कोपऱ्यात जागा असेल तर बोर अवश्य लावावी.

जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंतचा मधाचा रकाना एकटी धायटी भरून काढते. तिच्या कमानदार फांद्या शेंदरी-लाल नळीदार फुलांनी भरतात आणि शिंजीर दिवसभर तिथून हलत नाहीत. आसव-अरिष्टांत वापरली जाणारी धायटीची फुले ती हीच. पुरुषभर किंवा त्याहून थोडी उंच वाढणारी ही झुडपे छाटणी सोसतात, पण ती पावसाळ्याच्या आरंभी करावी. डिसेंबरात कात्री लावली तर त्या वर्षीची फुले गेलीच म्हणून समजावे. पुण्यातल्या अंगणासाठी एकच झुडूप सुचवा असे कोणी म्हटले, तर मी धायटीचेच नाव घेईन.

लहान झाडांत दत्रंगाकडे फार दुर्लक्ष होते. आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशी असलेला अजानवृक्ष हा याच जातीचा. पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके आणि त्यामागून येणारी मिरीएवढी नारिंगी-लाल फळे पक्ष्यांना उन्हाळ्याच्या तोंडावर मिळतात. मे महिन्यात करवंदे पिकतात. करवंदीची काटेरी, दाट जाळी बुलबुलांना घरटे करायला सुरक्षित वाटते, कारण मांजराला तिच्यात शिरता येत नाही. त्याच कारणाने ती पायवाटेपासून किमान चार फूट आत लावावी. भोकराची चिकट फळे पावसाळ्याच्या सुमारास पिकतात, परंतु त्याला दोन मजल्यांची उंची आणि तेवढाच पसारा द्यावा लागतो. कच्च्या फळांचे लोणचे घालताना थोडी फळे झाडावर पिकू द्यावीत.

पावसाळ्यात मधाचा तुटवडा पडतो असे वाटत असेल, तर मुरुडशेंग लावावी. बाळगुटीतली पिळदार शेंग सर्वांना माहीत असते, पण तिची विटकरी फुले फारच थोड्यांनी पाहिलेली असतात. पाऊस ओसरताना तरवड पिवळाधमक होतो. त्याच्या फुलांवर मोठे काळे भुंगे परागासाठी येतात आणि तरवड, टाकळा, बहावा यांच्या पानांवर पांढऱ्या-पिवळसर एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. रात्रीच्या पतंगांसाठी मेडशिंगी आहे, जिची लांब नळीची पांढरी सुगंधी फुले अंधारात उमलतात. रुईवर प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालते, मात्र तिचा चीक डोळ्यांना अपायकारक असल्याने मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ती दूर असावी.

रोपे घेताना नावाची खात्री करावी, कारण इथेच सर्वाधिक फसगत होते. आपटा मागितल्यावर कांचन मिळतो. दोन्हींची पाने दुभंगलेली असतात, पण आपट्याचे पान लहान, जाड आणि रुंदीला जास्त असते. सीताअशोकाच्या जागी उभा अशोक सर्रास दिला जातो. म्हणून शास्त्रीय नाव लिहून न्यावे. सामाजिक वनीकरणाच्या किंवा वनविभागाच्या रोपवाटिकांत रानझाडे मिळण्याची शक्यता शोभेच्या झाडांच्या दुकानांपेक्षा जास्त असते. पिशवीच्या तळाशी मुळे गोल वेटोळी झालेले उंच रोप टाळून गुडघाभर उंचीचे, जाड बुंध्याचे रोप घ्यावे. टेकडीवरून रोपे उपटून आणू नयेत; खाली पडलेले थोडे बी आणून रुजवता येते.

दोन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली, की लागवड करावी. खड्डा दीड ते दोन फूट लांब, रुंद आणि खोल पुरेसा होतो. झुडपांत चार ते पाच फूट आणि लहान झाडांत बारा फूट अंतर ठेवावे, भिंत, गटार आणि विजेच्या तारा यांपासून दूर राहावे. झाड वाढल्यावर अडचण होते म्हणून ते सहज तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार त्यासाठी परवानगी लागते. तेव्हा जागा आधीच विचारपूर्वक ठरवावी.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा आळे भरून पाणी द्यावे आणि बुंध्याभोवती चार बोटे जाडीचा पालापाचोळा पसरावा. तो झाडून जाळण्याची सवय मोडावी लागते, कारण दयाळ आणि सातभाई याच पाचोळ्यात किडे शोधतात. तिसऱ्या वर्षापासून पाणी हळूहळू बंद करावे. कीटकनाशक या अंगणात कोणत्याही कारणाने आणू नये, आणि ही अट माळ्याला काम देतानाच स्पष्ट सांगावी.