गावाच्या भूजल उपशाची मर्यादा ठरवताना या चुका टाळा

ऑक्टोबरमध्ये ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलाही जातो, आणि मार्च उजाडला की त्याच गावातून टँकरची मागणी जाते. २०१९च्या डिसेंबरमध्ये अटल भूजल योजना सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातल्या अनेक गावांत असे तक्ते झाले. काम चांगलंच आहे. पण तक्ता झाला म्हणजे मर्यादा ठरली असं नाही. 'यंदा जमिनीतून किती पाणी उपसायचं' हा आकडा रब्बीच्या पेरणीपर्यंत पोचला नाही, तर तो भिंतीवरच राहतो. आणि आकडाच चुकीचा असेल, तर तो पाळूनही विहिरी आटतात.

पुढचं सगळं बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या पट्ट्यासाठी आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच खडकाचा आहे. हिशोबासाठी एक काल्पनिक गाव धरू: शिवार १,००० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर, लोकसंख्या दीड हजार.

पडलेला पाऊस म्हणजे मुरलेलं पाणी नव्हे

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. आपल्या गावात वर्षाला ५० लाख घनमीटर पाणी पडतं. हा आकडा ऐकून सभेत सगळ्यांचे चेहरे खुलतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. यातलं बरंचसं मातीतला ओलावा आणि पिकं घेतात, काही वाहून जातं, काही उडून जातं. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये खाली मुरतं ते साधारण ७ ते ८ टक्के. ८ धरले तर ४ लाख घनमीटर. त्यातलं दहाएक टक्के आपोआप ओढ्या-नाल्यांत झिरपून जातं, ते सोडा. माणसं, जनावरं आणि थोडी राखीव यांसाठी ५० हजार बाजूला काढा. शेतीला उरतात ३ लाख १० हजार घनमीटर.

एवढ्या पाण्यात काय होतं? उसाला पाटाने वर्षाला हेक्टरी साधारण २०,००० घनमीटर लागतं असं धरलं, तर साडेपंधरा हेक्टर ऊस. दोन-तीन पाळ्यांच्या हरभऱ्याला हेक्टरी २,००० धरलं, तर १५५ हेक्टर हरभरा. मर्यादेचा खरा अर्थ हा आहे. घनमीटरचा आकडा सभेत कुणाच्या लक्षात राहत नाही. 'गावात एवढे एकर ऊस किंवा एवढे एकर हरभरा' हे प्रत्येकाला कळतं. तक्ता पिकांच्या एकरात लिहा.

पाणीपातळी चढली म्हणून खुश होणं

दुसरी पद्धत विहिरींवरून चालते. मे अखेरची पातळी आणि ऑक्टोबरची पातळी यांतला फरक काढायचा, शिवाराच्या क्षेत्राने गुणायचा आणि खडक किती टक्के पाणी सोडतो त्याने पुन्हा गुणायचा. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक या शेवटच्या टक्क्यात होते.

पातळी सरासरी ४ मीटर चढली असं धरा. खडक एक टक्का पाणी सोडत असेल तर आलेलं पाणी ४ लाख घनमीटर. दोन टक्के धरले तर ८ लाख, तीन टक्के धरले तर १२ लाख. बेसॉल्टमध्ये एक ते तीन यांतला कुठलाही आकडा शक्य असतो, कारण वरचा मुरूम, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा) खडक आणि खालचा अखंड पाषाण यांची वागणूक वेगवेगळी असते. म्हणजे टेपने सेंटीमीटरपर्यंत नीट मोजायचं आणि मग एका अंदाजाने उत्तर तिप्पट करून टाकायचं. शेजारच्या तालुक्याच्या अहवालातला टक्का उचलून आपल्या गावाला लावू नका. तापीच्या गाळाच्या पट्ट्यातला, यावल-रावेरचा, तर अजिबात नको. गाळाची जमीन बेसॉल्टच्या कितीतरी पट पाणी सोडते.

यावर गावपातळीवर करता येण्यासारखा उपाय आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओढे कोरडे झाले की एक महिना गावातला उपसा मोजा (कसा, ते पुढे येतंच) आणि त्याच महिन्यात पातळी किती उतरली ते पाहा. एक लाख घनमीटर उपशाने १,००० हेक्टरवर पातळी सरासरी एक मीटर उतरली, तर तुमचा खडक साधारण एक टक्का पाणी सोडतो. डोंगरउतार हिशोबात धरू नका. तिथे पाणी मुरून थांबत नाही आणि क्षेत्र मात्र फुगतं. मग पावसावरून काढलेला आकडा आणि विहिरींवरून काढलेला आकडा शेजारी शेजारी मांडा. दोन्ही जुळले तर उत्तम. नाही जुळले तर लहान आकडा घ्या. सरासरी काढून मधला घेण्याचा मोह होतो, तो टाळा: चूक कमी बाजूला झाली तर मे महिन्यात विहिरीत पाणी उरेल, जास्त बाजूला झाली तर उभं पीक जाईल.

चुकीच्या विहिरी, चुकीची वेळ

निरीक्षणासाठी निवडलेली विहीर बऱ्याचदा सिमेंट बंधाऱ्याच्या कडेची असते, कारण तिथे गाडी जाते. ती विहीर बंधाऱ्याचं पाणी दाखवते, गावाचं नाही. माथ्यावरच्या, मधल्या आणि पायथ्याच्या अशा तिन्ही पट्ट्यांतल्या विहिरी हव्यात. प्रत्येकीच्या काठावर ऑइलपेंटची खूण करा आणि दर वेळी टेप तिथूनच सोडा; कठड्याच्या एका बाजूने एकदा आणि दुसऱ्या बाजूने पुढच्यांदा मोजलं की अर्धा फूट सहज इकडचा तिकडे होतो. मोटार रात्रभर बंद असेल तेव्हा सकाळी मोजा. रात्रपाळीची वीज असेल त्या आठवड्यात मोजणीच नको, कारण पंप पहाटेपर्यंत चालतात आणि उपशानंतर लगेच घेतलेली पातळी ही भरत असलेल्या विहिरीची पातळी असते. उघड्या विहिरीची आणि दोनशे फुटी बोअरची पातळी एकाच सरासरीत घालू नका. दोघांचं पाणी वेगळ्या थरातलं असू शकतं.

पाऊसही गावातच मोजा. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक बारा किलोमीटरवर असेल तर त्याचा आकडा तुमच्या शिवाराचा नसतो. जूनच्या वळिवासारख्या पावसात एका वाडीला झोडपून शेजारची वाडी कोरडी राहते, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

उपसा कागदावरून काढणं

सातबाऱ्यावर नोंद असलेल्या विहिरी मोजून त्याला ठरावीक आकड्याने गुणलं की उपसा निघाला, असं समजलं जातं. नोंद नसलेल्या बोअर त्यात येत नाहीत, आणि गेल्या काही वर्षांत खरा उपसा त्यांचाच वाढलेला असतो.

दोनशे लिटरचं पिंप आणि मोबाइलमधलं घड्याळ एवढ्यावर हे काम होतं. पिंप ४० सेकंदांत भरलं तर पंप सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ घनमीटर पाणी देतो. दिवसाला ६ तास, रब्बीत १०० दिवस धरले तर एका पंपाचे १०,८०० घनमीटर झाले. आपल्या गावाचे ३ लाख १० हजार घनमीटर असे जेमतेम २९ पंप संपवतात. गावात पंप किती आहेत ते आठवून पाहा. हा हिशोब लोकांसमोर, त्यांच्याच विहिरीवर करा. कुणाच्या तरी अहवालात छापलेला आकडा लोक मानत नाहीत. आपल्या पिंपात मोजलेला मानतात.

चालण्याचे तास विचारताना विजेचा विचार हवा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४पासून मोफत वीज आहे, त्यामुळे बिल पाहून कुणी मोटार लवकर बंद करत नाही. सौरपंप तर ऊन असेल तोवर चालू शकतो, रोज. शेतकऱ्याची रात्रीची वणवण थांबली ही मोठी गोष्ट आहे आणि ती परत सुरू व्हावी असं कुणीही म्हणणार नाही. पण पूर्वी भारनियमनामुळे उपशाला जो आपोआप लगाम बसत होता तो गेला आहे. जुन्या तासांवर बेतलेली मर्यादा आता चालणार नाही.

ठिबक आणि शेततळं जमेच्या बाजूला धरणं

ठिबकमुळे ४० टक्के पाणी वाचलं, असं लिहून ते पाणी जमेला धरलं जातं. दोन गोष्टी निसटतात. पाटाने दिलेल्या पाण्यातलं काही पाणी पुन्हा खाली मुरून विहिरीतच येत होतं. ठिबकने ते थांबतं, म्हणून खरी बचत कागदावरच्यापेक्षा कमी असते. आणि वाचलेल्या पाण्यावर शेतकरी दोन एकराची बाग चार एकर करतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, त्याला कुणी मर्यादा सांगितलेलीच नसते. ठिबक हवंच, पण बागेखालचं क्षेत्र बांधून घेतल्याशिवाय त्यातून विहिरीला काही मिळत नाही.

प्लास्टिक अंथरलेलं शेततळं विहिरीतून भरलं जात असेल तर ते जमेत नको, खर्चात लिहा. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात साधारण २,२०० घनमीटर पाणी मावतं. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडालं तरी ९० दिवसांत त्यातलं चौथाई किंवा त्याहून जास्त हवेत जातं. जमिनीखाली सावलीत असलेलं, सगळ्यांच्या वाट्याचं पाणी उपसून उन्हात एकाच्या तळ्यात ठेवायचं, याला पुनर्भरण म्हणता येत नाही. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरणारं, तळ मोकळा असलेलं तळं वेगळं; ते जमेत धरा.

सरासरी पावसावर बाग लावणं

बेसॉल्ट फार पाणी साठवत नाही. चांगल्या वर्षाचं पाणी पुढच्या वाईट वर्षापर्यंत क्वचितच पुरतं. म्हणून मर्यादा दर ऑक्टोबरला नव्याने ठरवावी लागते. हरभरा, कांदा, गहू यांचं क्षेत्र त्यानुसार कमी-जास्त करता येतं. डाळिंब, संत्री, द्राक्षं यांचं करता येत नाही. वरुड-मोर्शीत २०१९च्या उन्हाळ्यात संत्र्याच्या बागा वाळल्या. वर्षानुवर्षं जपलेली झाडं लोकांना तोडावी लागली. गावात बाग किती असावी हे सरासरी वर्षावर ठरवू नका, २०१२, २०१५, २०१८ यांसारख्या वर्षांत जेवढं पाणी होतं त्यावर ठरवा. चांगल्या वर्षाचं जादा पाणी हंगामी पिकांना द्या. तक्त्यात बाग आणि हंगामी पीक यांचे दोन वेगळे रकाने असले की हे आपोआप समोर येतं.

फक्त नव्या विहिरींवर बंदी

महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९चा, अंमल २०१४पासून. शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहीर घेऊ नये, असं तो सांगतो. बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटे जाते, खोली कोण मोजणार, हा प्रश्न आहेच. पण त्याहून मला खुपणारी गोष्ट दुसरी आहे: नवीन विहीर नको एवढंच ठरवलं, की ज्याच्याकडे आधीच तीन बोअर आहेत त्याला सगळं पाणी मिळतं, आणि ज्याची पहिलीच विहीर बाकी आहे त्याला काहीच नाही. अशी मर्यादा तो का पाळेल?

विलासराव साळुंखे यांनी १९७०च्या दशकात पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीवर न देता माणसांवर दिलं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद ठेवल्या, उसाला नकार दिला, आणि पाऊस मोजून त्या वर्षीची पिकं ठरवण्याची शिस्त पोपटराव पवारांच्या पुढाकाराने टिकवली. दोन्हीकडे मर्यादा पिकावर आणि वाट्यावर होती, म्हणून ती बांधापर्यंत पोचली.

आकडा फसतोय हे वेळेत ओळखा

जानेवारीत दुसरी मोजणी ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही वर्षातून चारदा आपल्या निरीक्षण विहिरी मोजते. जिल्ह्याच्या कार्यालयात गेल्या दहा-पंधरा वर्षांचे आकडे मागा, तुमच्या पाणलोटातली विहीर त्यात असू शकते. तालुका 'सुरक्षित' गटात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. उपसा पुनर्भरणाच्या ७० टक्क्यांच्या आत असलेल्या तालुक्यातही एखादा पाणलोट पार उपसलेला असतो.

ऑक्टोबर ते जानेवारी पातळी अपेक्षेपेक्षा जास्त उतरली, तर कारणं साधारण तीन. पेरणी ठरल्यापेक्षा जास्त झाली: पीकपाहणी घेऊन शिवारफेरी करा. नोंद नसलेला उपसा आहे: पिंप घेऊन पुन्हा फिरा. किंवा वरच्या गावाने यंदा उपसा वाढवला आहे. खडकाला गावाची शीव कळत नाही, तेव्हा एकाच पाणलोटातल्या दोन-तीन गावांनी एकत्र बसल्याशिवाय याला इलाज नाही. माथ्यावरच्या विहिरी तेवढ्या उतरल्या आणि पायथ्याच्या जागेवर आहेत, तर उपशापेक्षा पाणी खाली वाहून गेल्याची शक्यता जास्त.

जानेवारीच्या सभेत काय होणार हे मात्र ऑक्टोबरमध्येच लिहून ठेवा. पातळी अमुक मीटरच्या खाली गेली तर उन्हाळी भुईमूग आणि उन्हाळी बाजरी नाही, आणखी खाली गेली तर पिण्याच्या विहिरीजवळच्या शेतीच्या मोटारी बंद, त्यांच्या मालकांना गावाने काय द्यायचं तेही. पीक उभं असताना हा निर्णय कुणीच घेऊ शकत नाही; पेरणीआधी सगळ्यांच्या सह्यांनी घेतलेला असेल तर निभावतो.