'ओके' दिसण्याआधी

इंदूरच्या राजवाड्यामागच्या ऑफिसातला जुना स्पार्क सर्व्हर बंद करायचाय. सोलारिस, म्हणजे त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, थांबवून ओपनबूटच्या (मशीनच्या आतल्या मूळ प्रोग्रामच्या) 'ओके'वर यायचं आणि डिस्क तपासायच्या, एवढंच काम. दिवस तू निवड, रंगपंचमी तेवढी टाळ. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघाली की तिथे पायी पोचणंही मुश्किल, आणि मशीन बंद असताना शेजारी माणूस हवाच.

आदल्या रात्रीचा बॅकअप झाला असं नुसतं वाचून सोडू नकोस, एखादी फाइल परत काढून बघ. मग चालू सिस्टिममध्येच ईईप्रॉम कमांड देऊन बूट-डिव्हाइस (कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं) आणि ऑटो-बूट (आपोआप सुरू व्हायचं की नाही) यांची मूल्यं वहीत उतरव. वहीतच, कारण मशीनवर ठेवलेली नोंद ऐनवेळी उघडणार नाही. सीरियल कन्सोलवर, म्हणजे थेट केबलने मशीनला जोडलेल्या स्क्रीनवर, आधी लॉगिन करून बघ. एसएसएचवर, म्हणजे नेटवर्कवरून केलेल्या लॉगिनवर, विसंबलास तर सोलारिस थांबलं की हाती काही उरत नाही.

लेखा विभागातल्या काकूंना आदल्या दिवशीच फोन कर, त्या महिनाअखेरीला रविवारीही बसतात. कोण लॉगिन आहे ते 'हू' कमांड देऊन बघ, डेटाबेस स्वतःच्या हाताने बंद कर. मगच शटडाउन, ६०० सेकंदांची मुदत देऊन, रनलेव्हल ० (सोलारिस थांबून 'ओके'वर येण्याची अवस्था). 'हॉल्ट' नको, ते सर्व्हिसेस नीट थांबवत बसत नाही. स्क्रीनवर फाइल सिस्टिम सिंक होऊन 'डन' येईल, मग 'प्रोग्राम टर्मिनेटेड', आणि खाली महिरपी कंसात ० व त्यापुढे 'ओके'. ते शून्य म्हणजे सीपीयूचा नंबर, घाबरू नकोस.

कीबोर्डवरचं स्टॉप-ए किंवा कन्सोलवरून ब्रेक हा शेवटचा उपाय, मशीन पूर्ण अडकलं तरच. त्याने सोलारिस आहे तिथे गोठतं, मेमरीतला जो डेटा अजून डिस्कवर उतरलेला नसतो तो तसाच लटकतो. हे मी तुला बजावून सांगतोय, कारण ते बटण फार सोपं आहे.

'ओके'वर आल्याआल्या डिस्क शोधायला लागू नकोस. आधी ऑटो-बूट फॉल्स कर, मग मशीन रिसेट करणारी रिसेट-ऑल, मग जोडलेल्या डिस्क शोधणारी प्रोब-स्कझी-ऑल कमांड. मधलं रिसेट गाळलं तर प्रोब करतानाच मशीन अडकू शकतं.

काम झालं की वही उघड आणि ऑटो-बूट पुन्हा ट्रू कर. हे राहिलं तर पावसाळ्यात रात्री वीज जाऊन आल्यावर सर्व्हर 'ओके'वरच थांबेल, आणि सकाळी काकू येतील तेव्हाही तिथेच असेल.